अंगात दडलेले दुखणे



चार वर्षांपूर्वी आमच्या घरी एका प्राणी-निवाऱ्यातून तांबूस रंगाची कुत्री आली. अंगाने भरलेली, डोळे स्वच्छ, खाण्याला कधी नाही म्हणायची नाही. मुलांनी तिचे नाव ठेवले बुंदी. सात महिने आनंदात गेले आणि एके सकाळी तिच्या नाकातून रक्त वाहू लागले. कुठेतरी आपटली असेल, असे मी म्हणालो. डॉक्टरांनी रक्त तपासले, तो गोचीडताप निघाला. शेजारी म्हणाले, "फसवले तुम्हांला. परत देऊन या."

मलाही राग आला होता, हे कबूल करतो. परंतु या रोगाची चाल ऐका. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो. तो पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. मग रोग रक्तात दडून बसतो, महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे. तेवढ्या काळात कुत्रे खाते, खेळते, शेपूट हलवते. सात महिने माझ्या मांडीवर बसणाऱ्या जनावराचे दुखणे मला दिसले नाही. मग निवाऱ्यातल्या माणसाला शेकडो जनावरांत ते कसे दिसावे?

परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ साली उभे राहिले. तेव्हा आजारी मुक्या जनावराला दार उघडण्याची रीत मुंबईला जुनीच आहे. पण त्याच दारातून आजारही आत येतो. पिल्लांचे तर विचारूच नका. पार्व्होची लागण झाली की साधारण आठवडाभरात रक्ताची हगवण सुरू होते. डिस्टेंपरला त्याहून अधिक दिवस लागतात. रविवारी उड्या मारणारे पिल्लू गुरुवारी मान टाकते, त्यात लबाडी कोणाचीच नसते.

म्हणून जनावर आणले की दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. लशींचा कागद मागून घ्या. ते धडधाकट दिसत असले, तरी रक्त आणि विष्ठा तपासून घ्या. घरात दुसरे कुत्रे असेल, तर निदान दोन आठवडे दोघांना वेगळे ठेवा. कान आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहा. गोचीड भिंतीच्या भेगांतही अंडी घालते, आणि आपल्याकडे भेगांना तोटा नाही! तपासणीला पैसे पडतात, हे खरे. ते निवाऱ्याने भरावेत, असे म्हणणारे आधी तिथे एक दिवस जाऊन येवोत.

बुंदीला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस भाकरीच्या घासातून दिल्या. ती बरी झाली. आजही तिचे रक्त अधूनमधून तपासावे लागते. पुढची खेप येत्या सोमवारी आहे.