शाळेतील निसरड्या जागा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आजच्या माझ्या विषयात विद्वत्तेचा भाग फारसा नाही. शाळेच्या आवारात माणसे घसरून अगर ठेच लागून पडतात, ती पडू नयेत यासाठी काय करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडण्यामुळे प्राणास मुकतात.

प्रारंभी माझीच एक चूक सांगतो. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत पोषण आहार शिजविणाऱ्या बाई ऐन श्रावणात आमटीचे पातेले घेऊन पडवीतून येताना घसरल्या. टेकलेल्या हाताचे मनगट मोडले आणि आमटीने पाय भाजला. मुले त्या वेळी वर्गात होती, हे नशीब. मी नोंदवहीत ‘घाईमुळे पाय घसरला’ असे लिहून मोकळा झालो. पुढच्याच आठवड्यात त्याच जागी मी पडलो, आणि मला तर मुळीच घाई नव्हती. तेव्हा कुठे मान वर करून पाहिले. पन्हळ एके ठिकाणी फुटली होती. तिचे पाणी नेमके त्या दोन फरशांवर पडत होते आणि तेथे शेवाळाचा पातळ, जवळजवळ न दिसणारा थर धरला होता. बाईंची घाई मला दिसली, पन्हळ दिसली नाही. त्या नोंदीखाली मी दुरुस्ती लिहिली आणि बाईंच्या घरी जाऊन तसे सांगितलेही.

चालताना बहुधा टाच प्रथम टेकते. तिच्याखाली पाण्याचा अगर शेवाळाचा थर असला म्हणजे पावलाची फरशीवरील पकड सुटते व टाच पुढे निसटते. म्हणून घसरणारा माणूस बहुतेक पाठीकडे कोसळतो. ठेचकाळणारा मात्र पुढे पडतो. चालताना पाऊल जमिनीपासून फार थोडे उचलले जाते, त्यामुळे बोटभर उचललेली फरशीदेखील त्यास पुरते. पायऱ्यांचेही असेच आहे. दोनतीन पायऱ्या चढताच पावलांना उंचीचा अंदाज बसतो, आणि पुढची एखादीच पायरी कमीजास्त असली की तो फसतो.

तेव्हा ‘सावकाश चाला’ ही पाटी हा शेवटचा उपाय समजावा. प्रथम पाणी येते कोठून ते पाहावे: गळका नळ, फुटकी पन्हळ, हात धुण्याच्या जागेचा उलटा उतार. नंतर शेवाळ खरवडून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून, जागा स्वच्छ धुऊन वाळू द्यावी. त्या पावडरीत आम्ल कदापि मिसळू नये, विषारी वायू निघतो. गुळगुळीत झालेल्या दगडी पायरीस जात्याप्रमाणे टाकी लावून घ्यावी. फरशी मधल्या सुटीच्या तोंडावर पुसू नये. शाळा सुटल्यावर पुसावी. दाराशी गोणपाट टाकण्याची आपली जुनी सवय आहे. कोरडे असेतो ते उपयोगी पडते. भिजून गोळा झाले की तेच पायात येते. कोणी पडले, पण इजा झाली नाही, तरीही जागेची नोंद करावी. पन्हळीखाली माझ्याआधी किती मुले घसरून हसत उठली असतील, कोणास ठाऊक.

दुरुस्तीस पैसे कोठून आणावयाचे, असे आपण विचाराल. खर्चाच्या कामांसाठी शाळा व्यवस्थापन समितीपुढे लेखी मागणी ठेवावी. आमची पन्हळ मात्र गावातल्या गवंड्याने एका सकाळीत नीट केली. बाईंचे मनगट जुळले, पण भरलेले पातेले त्या आता एकट्या उचलत नाहीत. दोघींनी दोन कड्या धरून ते न्यावयाचे, अशी रीत आमच्या शाळेत तेव्हापासून पडली आहे.