कायद्याच्या शाळेतला कायदा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांना आम्ही हा विषय कळवला, तेव्हा त्यांनी नम्रपणे एक शंका काढली. ते म्हणाले, "विषय चांगला आहे, पण तो वकील मंडळींपुरताच तर राहणार नाही ना?" शंका रास्त होती. तथापि आज समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची मुले अथवा नातवंडे यंदा बारावीची परीक्षा देऊन प्रवेशाच्या चिंतेत असतील. त्यांच्यापैकी काही कायद्याच्या वाटेने जातील. बाकीच्यांना वकील, न्यायाधीश आणि कायदे करणारे यांच्या हाताखाली आयुष्य काढायचेच आहे. तेव्हा ही माणसे जिथे घडतात त्या घरात काय चालते, हे सर्वांनीच पाहिले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

आरंभी एक जुनी गोष्ट सांगतो. नोकरी सांभाळून आम्ही वकिलीचे वर्ग करीत होतो. सकाळी साडेसातला पहिला तास असे. एक प्राध्यापक फार सुरेख शिकवीत. एके दिवशी त्यांनी नैसर्गिक न्यायाचे तत्त्व समजावून सांगितले: ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हायचा, त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले पाहिजे. त्याच आठवड्यात फलकावर नोटीस लागली, की हजेरी कमी पडल्यामुळे पुढील अकरा विद्यार्थ्यांना परीक्षेस बसता येणार नाही. त्यांत आमच्या शेजारी बसणारा एक कारकून होता. त्याची गिरणीतली पाळी बदलली होती आणि तसा दाखलाही त्याने आणला होता. आम्ही दोघे प्राचार्यांच्या खोलीबाहेर दीड तास उभे राहिलो. अखेर शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "साहेब म्हणतात, नोटीस म्हणजे नोटीस." आमचा मित्र त्या वर्षी परीक्षेला बसला नाही, पुढे तो वकील झाला नाही. सकाळी वर्गात शिकवलेले तत्त्व त्या खोलीच्या दारापर्यंतही पोचले नव्हते.

ही हकीकत मनात ठेवून आता आपण बंगळुरूला जाऊ. तेथील राष्ट्रीय विधी विद्यालय म्हणजे भारतातल्या आजच्या कायदेशिक्षणाचे माहेरघर. कर्नाटक विधिमंडळाने १९८६ साली केलेल्या कायद्यान्वये ते स्थापन झाले. त्यामागे बार कौन्सिल ऑफ इंडियाची प्रेरणा होती आणि एन. आर. माधव मेनन हे त्याचे पहिले संचालक. पदवी घेतल्यावर फावल्या वेळात तीन वर्षे कायदा वाचायचा, ही जुनी पद्धत सोडून बारावीनंतर सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम तेथे सुरू झाला. वर्षाची तीन सत्रे, म्हणजे पाच वर्षांत पंधरा सत्रे. पुढे हाच नमुना घेऊन राज्याराज्यांत विधी विद्यापीठे निघाली. आपल्याकडेही मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ती झाली.

या विद्यालयात २०१९ आणि २०२० या लागोपाठच्या दोन वर्षांत ज्या दोन घटना घडल्या, त्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली २०१९ची. जुन्या कुलगुरूंची मुदत जुलैअखेर संपली. नव्या कुलगुरूंसाठी निवड समितीने नाव सुचवले होते. पण नेमणुकीचे पत्र काही निघेना. दिवस जाऊ लागले. तेव्हा विद्यार्थी उठले. त्यांचे म्हणणे साधे होते: कायद्याने निवडीची जी रीत घालून दिली आहे, ती पुरी झाली असेल तर नेमणूक करा, आणि होत नसेल तर कारण सांगा. सप्टेंबरात त्यांनी परीक्षेवर बहिष्कार घातला आणि त्याच महिन्यात नेमणूक झाली. परीक्षेवर बहिष्कार घालणे आमच्या पिढीच्या पचनी सहजासहजी पडत नाही, हे आम्ही कबूल करतो. परंतु ही मुले परीक्षा सोपी करा म्हणून बसली नव्हती, किंवा ती पुढे ढकला म्हणूनही नव्हे. आपल्या संस्थेने आपलाच कायदा पाळावा, एवढ्यासाठी ती बसली होती.

आदल्याच वर्षी, म्हणजे २०१८ साली, रायपूरजवळच्या हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठातही असेच काहीसे घडले. ज्यांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, ते न्यायमूर्ती हिदायतुल्ला नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तेव्हा हे नाव आपल्याला परके नाही. तेथील कुलगुरूंना दिलेली मुदतवाढ उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली आणि विद्यार्थ्यांचा साचलेला असंतोष उसळून वर आला. त्यांच्या मागण्या पाहा. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवा, वसतिगृहात परतण्याची वेळेची सक्ती सैल करा, तक्रारींची दाद घ्या, हिशेब दाखवा. ऑक्टोबरात कुलगुरूंनी राजीनामा दिला. ग्रंथालय अधिक वेळ उघडे ठेवा म्हणून मुले रस्त्यावर बसतात, हे ऐकून कोणाही शिक्षकाला संतापापेक्षा समाधान वाटायला हवे!

आता दुसऱ्या, अधिक अवघड घटनेकडे वळू. येथे नियम विसरण्याची पाळी शिक्षकांच्या बाजूवर आली, आणि हे शिक्षक वाईट नव्हते. म्हणूनच ती गोष्ट अधिक बोधप्रद आहे.

पूर्वी प्रत्येक विधी विद्यापीठ आपापली प्रवेशपरीक्षा घेई. एका मुलाने चार ठिकाणी अर्ज करायचे, चार शुल्के भरायची, चार गावांचे हेलपाटे घालायचे; आणि दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या तर एकीवर पाणी सोडायचे. हा त्रास घेऊन एक विद्यार्थीच सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातून सात विद्यापीठे एकत्र आली आणि २००८ साली 'क्लॅट' या नावाने पहिली सामायिक परीक्षा झाली. पुढे या विद्यापीठांनी आपला एक संघ केला आणि त्याची नोंदणीही केली. बंगळुरूचे विद्यालय त्या संघाचे सभासद होते. इतकेच नव्हे, तर संघाचे चिटणीसपद तेथील कुलगुरूंकडेच होते.

२०२० साली करोनाची साथ आली. मे महिन्यात व्हायची सामायिक परीक्षा पुढे पुढे जात अखेर २८ सप्टेंबरवर येऊन ठेपली. पाऊण लाखाच्या आसपास मुले ताटकळत होती. इतर विद्यापीठांत वर्षाची दोन सत्रे. त्यांना महिनाभराचा उशीर सोसण्यासारखा होता. बंगळुरूला तीन सत्रे. सप्टेंबरात वर्ग सुरू झाले नाहीत, तर सबंध वर्ष कोरे जाईल, ही भीती तेथल्या मंडळींना ग्रासत होती. ती भीती खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याने कधी वेळापत्रक आखले आहे, त्याला ती कळेल.

पण त्या भीतीपोटी केले काय? ३ सप्टेंबरला विद्यालयाने जाहीर केले, की आम्ही आमची वेगळी परीक्षा घेऊ. ती १२ तारखेला होईल. पाऊण तासात चाळीस प्रश्न सोडवायचे. उमेदवाराने घरूनच, संगणकासमोर बसून, कॅमेरा आणि इंटरनेट चालू ठेवून ती द्यायची. म्हणजे परीक्षेची वर्दी मिळाली अवघे नऊ दिवस आधी! टीका झाल्यावर अटी काहीशा सैल केल्या, मोबाईल फोनचीही मुभा दिली. परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला.

श्रोतेहो, क्षणभर डोळ्यांसमोर चित्र आणा. पुण्याच्या एखाद्या सदनिकेत मुलाला स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, संगणक आहे, वीज गेली तर सोय आहे. त्याला ही परीक्षा म्हणजे सोयच. आणि सातपुड्याच्या पाड्यावरची एखादी मुलगी? फोनला आवाज मिळावा म्हणून तिला टेकडी चढावी लागते. घरात फोन एक, तोही बाप कामावर घेऊन जातो. आधीच परीक्षा इंग्रजीत; ती भिंत तिने कशीबशी ओलांडली, तर पुढे कॅमेऱ्याची भिंत. अशाच मुलांना या विद्यापीठांची दारे उघडावीत म्हणून शमनाद बशीर यांनी २०१० साली एक चळवळ सुरू केली होती. ते याच बंगळुरूच्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी! २०१९ साली ते वारले. त्यांनी इतक्या कष्टाने किलकिले केलेले दार पुढच्याच वर्षी वेळापत्रकाच्या धक्क्याने लोटले जात होते.

या परीक्षेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला. अर्जदार होते विद्यालयाचेच माजी कुलगुरू आणि एका उमेदवाराचे पालक. परीक्षा घ्या, पण निकाल लावू नका, असे न्यायालयाने ११ सप्टेंबरला सांगितले. १२ तारखेला वीस हजारांहून अधिक मुलांनी परीक्षा दिली. काहींना यंत्राने आतच घेतले नाही; त्यांच्यासाठी १४ तारखेला फेरपरीक्षा झाली. प्रश्न बाहेर फुटल्याचे आरोप झाले; विद्यालयाने त्यांचा इन्कार केला. २१ सप्टेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती जाहीर सूचनाच रद्द केली आणि प्रवेश सामायिक परीक्षेतूनच द्यावेत असा हुकूम दिला.

या निकालाची कारणे ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले कारण असे, की प्रवेशाच्या बाबतीत विद्यालयाच्या कायद्याप्रमाणे विद्यापरिषदेची शिफारस लागते. कार्यकारी परिषदेने विचार केला होता, अध्यापकांत चर्चा झाली होती. परंतु ज्या सभेला विचारायला हवे, तिची शिफारस नव्हती. दुसरे, संघाचे सभासद झाल्यावर सामायिक परीक्षेचे बंधन एकट्याने झुगारता येत नाही. तिसरे, घरून दिलेल्या अशा परीक्षेत पारदर्शकता राहत नाही आणि साधने नसलेल्या मुलांवर अन्याय होतो. वर्ष कोरे जाण्याच्या भीतीविषयी न्यायालयाचे म्हणणे असे, की साथीच्या काळात वेळापत्रक लवचीक करायला वाव होता. आणि झालेही तसेच. २८ सप्टेंबरला सामायिक परीक्षा झाली आणि वर्ष वाया गेले नाही.

कोणी म्हणेल, एका सभेची शिफारस नव्हती, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर केवढा गहजब! हा आक्षेप आपण नीट तपासू. सभा कशासाठी असते? घाईत असलेल्या माणसाला थांबवण्यासाठी. विद्यापरिषद भरली असती, तर त्या टेबलाभोवती बसलेल्या कोणी ना कोणी विचारले असते, की ज्या घरात संगणक नाही, त्या घरातल्या मुलाचे काय? तो प्रश्न वेळेवर विचारला जाण्याची जागाच गाळली गेली, म्हणून तो न्यायालयाला विचारावा लागला. नियमाची पायरी सबळाला अडचण वाटते. दुर्बळाला तीच चढायला उपयोगी पडते. आमच्या मित्राला प्राचार्यांच्या खोलीत दहा मिनिटे मिळाली असती, तर तीही तांत्रिक बाबच ठरली असती.

आणखी एक फरक लक्षात घ्या. २०१९ साली प्रश्न विचारणारे विद्यार्थी दाराच्या आत होते. त्यांना एकत्र जमता आले, बोलता आले, संस्थेचे काम थांबवता आले. २०२० साली ज्यांचे नुकसान होणार होते, ते अजून दाराबाहेर होते. त्यांची संघटना नव्हती, सभागृह नव्हते; ते कोण आहेत, हेच कोणाला ठाऊक नव्हते. आतला विद्यार्थी स्वतःसाठी भांडू शकतो; बाहेरच्यासाठी फक्त नियम असतो. म्हणून तो मोडताना दसपट विचार केला पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात ही जाण नवी नाही. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचे. ज्या समाजाला शाळेच्या दाराबाहेर बसवले जात असे, त्या समाजातून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३६ साली महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. नुसती कलमे पाठ असलेला वकील त्यांना नको होता. त्याच्या ज्ञानाला व्यापक शिक्षणाची बैठक हवी, त्याला मुद्दा नेटका मांडता आला पाहिजे, अशी त्यांची दृष्टी होती. बाहेर बसवलेला माणूस आत येऊन खुर्चीवर बसतो, तेव्हा खुर्चीचे काम काय आहे, हे त्याला अधिक स्पष्ट दिसते.

आता समारोप करतो. शिक्षकांना आमची विनंती, की विद्यार्थ्याने नियम दाखवला तर तो उद्धटपणा समजू नये. आपण शिकवलेले त्याला समजले, असे समजावे. विद्यार्थ्यांना विनंती, की आपल्या संस्थेचा कायदा एकदा तरी मुळातून वाचा, आणि तो केवळ तुमच्या सोयीपुरता वापरू नका. दाराबाहेरच्या तुमच्या धाकट्या भावंडांसाठीही वापरा. आणि पालकांना सांगायचे ते असे, की आपल्या मुलाला एखादी सवलत मिळाली, तर ती कोणाच्या वाट्याची गेली, हे एकदा विचारून पाहा.

आमचा तो मित्र पुढे गिरणीत मुकादम झाला आणि तेथूनच निवृत्त झाला. काही वर्षांपूर्वी भेटला, तेव्हा आम्ही त्या नोटिशीचा विषय काढला. तो हसला. म्हणाला, "परीक्षा हुकली त्याचं एवढं काही वाटलं नाही रे. नापासही झालो असतो मी. पण त्यांनी दाखला हातात घेऊन वाचला असता, तर बरं वाटलं असतं."