रोज चार ओळी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



निवृत्तीनंतर वेळ कसा घालवतोस, असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी रोजनिशी लिहितो.

लिहून ठेवण्याचं मोल आपल्या खानदेशाला नव्याने सांगायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेली त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि मावसभावाने वहीत टिपली. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि 1952 साली ती गाणी पुस्तकरूपाने आली. वही नसती तर आज आपल्या हाती काय उरलं असतं? अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढत.

आमचे आबा चौथी शिकलेले. त्यांच्या वहीत पाऊस, पेरणी, कपाशीचं वजन आणि उसनवारी, एवढंच असे. ते गेल्यावर मी ती वही वाचली. मी कॉलेजात गेलो त्या जूनमध्ये एका दिवशी तीन ओळी आहेत : 'पाऊस दीड तास. धवळ्या विकला. पोराची फी भरली.' बैल म्हातारा झाला म्हणून विकला, असं त्यांनी घरात सांगितलं होतं. त्या वर्षीची पेरणी त्यांनी शेजाऱ्याशी सावड करून उरकली. तोंडाने ते हे कधीच बोलले नाहीत, वहीने सांगितलं.

म्हणून माझा आग्रह आहे, तुम्हीही लिहा. महागडी डायरी नको, शंभर पानी वही पुरे. झोपण्याआधी दहा मिनिटं, चार ओळी. 'दिवस बरा गेला' असं लिहू नका. कोण भेटलं, काय बोललं, कशाला किती पैसे पडले, ते लिहा. एखादा दिवस राहिला तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी तारीख टाकून पुढे चला. शुद्धलेखनाची भीती नको, गुरुजी आता वही तपासणार नाहीत! काय लिहावं सुचत नसेल, तर या शाळेपासून सुरुवात करा. आपलं गाव एदलाबाद होतं तेव्हाचा बाजार, आषाढीला निघणारी मुक्ताईची पालखी, आपल्या बाकावरचा सोबती.

आपल्यातले काही मित्र आज या मेळाव्याला नाहीत. त्यांच्या आठवणी आता फक्त आपल्याजवळ आहेत. आज रात्री घरी गेल्यावर त्यातली एक तरी कागदावर उतरवा.