गुडघ्याला घाई चालत नाही



आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव आपल्याला माहीत आहे. तिथला अविनाश साबळे शेतकऱ्याचं पोर. शाळा लांब, गाडी नाही, म्हणून रोज पायी, कधी पळत जायचा. बारावीनंतर लष्करात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात राहिला. पुढे स्टीपलचेस धावू लागला. ही शर्यत ३००० मीटरची. त्यात २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्यावरून उडी मारायची. २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं, २०२३ ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला. गुडघ्याचा लिगामेंट फाटला, गादीलाही इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

हे आज सांगायचं कारण आपल्या गटातच आहे. आमच्या एका ताईची लेक कबड्डी खेळते. पावसाळ्यात खेळताना वळली, गुडघ्यात कट्ट आवाज झाला आणि खाली बसली. तासाभरात गुडघा सुजला. चूक माझीही झाली. मीच म्हणाले, "मुरगळलंय, तेल लावून बांधा." दोन आठवडे त्यातच गेले. चालताना पाय लचकायला लागला, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआयमध्ये लिगामेंट पूर्ण तुटलेला निघाला.

लिगामेंट म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी. ही मधली दोरी पूर्ण तुटली की तेल-लेपानं जुळत नाही. प्रत्येकालाच ऑपरेशन लागतं असं नाही, काहींचं व्यायामावर भागतं. पण ज्याला पुन्हा वळणा-उडीचा खेळ खेळायचा, त्याला बहुतेकदा लागतं. आपल्याच पायातली शिरेसारखी पट्टी काढून तिथं नवी दोरी बसवतात.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. आणि दसरा झाल्यावर मुकादम दारात! आई-बापानं उचल घेतलेली, कोयता न्यायलाच पाहिजे. पोरीला फडावर न्यावं, तर कोपीत वाकून शिरायचं, उघड्यावर बसायचं, व्यायाम कोण करून घेणार? घरी ठेवावं, तर आजीला दिसत नाही. ताई बैठकीत रडली. म्हणाली, "ऑपरेशन केलं, आता ते वाया जाणार."

तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी बोलल्या, "वार वाटून घ्या. ती आपलीच लेक आहे." झालं! सोमवार एकीचा, मंगळवार दुसरीचा. फिजिओथेरपीला तालुक्याला जायच्या भाड्यासाठी गटातून कर्ज दिलं.

घरचा व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवला तेवढाच. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडी आवळून धरायची. दिसायला सोपं, पण पहिले दिवस पोरगी घामाघूम व्हायची. कुणी म्हणालं, माणूस आणून पाय ओढून घेऊ. आम्ही ठाम नाही म्हटलं. ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे भिंतीवर लिहून ठेवलं.

खरी परीक्षा चौथ्या महिन्यात आली. पोरगी म्हणाली, "ताई, काहीच दुखत नाही. तालुक्याची स्पर्धा आहे, जाऊ का?" मी तिला अंगणातल्या घरकुलाचा स्लॅब दाखवला. म्हटलं, "वरून वाळलेला दिसतो म्हणून कुणी लगेच सेंट्रिंग काढतं का?" नवी दोरी आतून पक्की व्हायला महिने लागतात. साधारण नऊ महिन्यांआधी मैदानात उतरायचं नाही. तेव्हाही मांडीची ताकद दोन्ही पायांत सारखी आली का, हे तपासून डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. घाई केली तर दोरी पुन्हा तुटते.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच टॉवेल घेऊन बसली.

मैत्रिणींनो, पोरींच्या गुडघ्याला ही दुखापत पोरांपेक्षा जास्त होते. म्हणून खेळू देऊ नका असं नाही. खेळाआधी अंग मोकळं करणं, मांडीची ताकद वाढवणं, उडी मारून गुडघे वाकवून उतरणं, हे शिकवा. आवाज येऊन गुडघा सुजला, तर मालिश नको. बर्फ लावा, पाय उंच ठेवा, दवाखान्यात न्या. खर्चाचं म्हणाल तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. काय बसतं, काय नाही, ते आधी विचारा.

आता पाचवा महिना चालू आहे. तिची आई रोज रात्री फडावरून फोन करते. आधी विचारायची, "पाय सरळ झाला का?" काल विचारलं, "आज कुणाचा वार होता?" आज माझा आहे. म्हणून इथंच थांबते.