पेवातली हवा आणि छातीतला श्वास



वैराग-बार्शीकडचा हा मुलूख शाळूचा. जमिनीखाली पेव काढून त्यात ज्वारी साठवायची, असा इकडचा जुना रिवाज. आता पेवे फार उरली नाहीत, पण वडीलधाऱ्यांचा इशारा अनेकांना आठवत असेल : "पेव उघडलं की लगेच उतरू नकोस. वारं लागू दे. आधी कंदील सोड." कंदील विझला, तर माणसाने उतरायचे नाही. असे का? त्यासाठी आपला श्वास समजून घ्यायला हवा.

बाहेरच्या हवेत शंभरात सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, अगदी नाममात्र. उच्छ्वासात प्राणवायू १६-१७ भागांवर उतरतो आणि कर्बवायू ४ भागांवर चढतो. ही देवघेव फुप्फुसांत होते. तेथे द्राक्षांच्या घडांसारखे कोट्यवधी वायुकोश आहेत. त्यांची भिंत अतिशय पातळ. तिला लागूनच केसाहून बारीक वाहिन्यांतून रक्त वाहते.

या भिंतीवर कुणी रखवालदार नाही. नियम एकच : वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. वायुकोशात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, तर अंगभर फिरून आलेल्या रक्तात ४०. म्हणून प्राणवायू रक्तात शिरतो. कर्बवायूचा दाब रक्तात ४५, वायुकोशात ४०. म्हणून तो बाहेर पडतो.

प्राणवायू रक्ताच्या पाण्यात फारसा विरघळत नाही. त्याला गाडी लागते. तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन ही ती गाडी. शंभरातले ९७ भाग प्राणवायू तीच वाहते. राबणाऱ्या स्नायूंपाशी ऊब आणि कर्बवायू जास्त. तेथे ती जास्त माल उतरवते. परतीचा कर्बवायू मात्र बहुतेक, शंभरात ७० भाग, बायकार्बोनेट होऊन रक्तातून येतो. बाकीचा काही हिमोग्लोबिनला चिकटून, थोडा विरघळून.

आता पेवाकडे वळू. ज्वारीचा दाणा जिवंत असतो, तोही श्वास घेतो. बंद पेवातला प्राणवायू तो संपवीत जातो आणि कर्बवायू सोडतो. हा वायू हवेहून दीडपट जड, म्हणून खालीच साचतो. त्यामुळे किडे मरतात, धान्य टिकते. पण माणूस उतरला, की तोच नियम उलटा फिरतो. वायुकोशातला प्राणवायूचा दाब रक्तातल्याहून खाली गेला, की रक्तातलाच प्राणवायू बाहेर निघू लागतो! श्वास रोखून आपण मिनिटभर तग धरतो. पेवात मात्र दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. हाक मारायलाही सवड मिळत नाही. वाचवायला धावलेला दुसराही तसाच पडतो.

जुन्या बंद विहिरीतही हाच धोका संभवतो. संडासाच्या किंवा गोबरगॅसच्या टाकीत तर विषारी आणि पेट घेणारे वायू असतात. तेथे कंदील कधीच नेऊ नका. कंदील जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक, असेही समजू नका. कुणी आत पडलाच, तर मागोमाग उतरू नका. अग्निशामक दलाला बोलवा. तोवर वरूनच वारा घाला, दोर टाका.

शिक्षकबंधूंनी वर्गात चुन्याची निवळी घ्यावी आणि नळीने तीत हलकेच फुंकायला सांगावे. फुंकायचे, ओढायचे नाही. निवळी दुधाळ होईल. मुलांना म्हणावे : हा तुमच्या रक्तातून आलेला कर्बवायू. पेवात उतरणाऱ्याचा घात करतो, तो हाच.