फुए की एस्ता? उत्तनच्या जाळ्यावरून स्पॅनिश

आजचा भाग उत्तनच्या किनाऱ्यावरून. मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज येतोय, तेवढा चालवून घ्या.

मागच्या महिन्यात स्पेनच्या क्लायंटला मी लिहिलं, "एल एरोर फुए कोर्रेखीदो." म्हणजे एरर दुरुस्त केला गेला. सोमवारी खरंच केला होता. मंगळवारच्या अपडेटने तो परत आला, आणि मला पत्ताच नाही. त्यांचं उत्तर आलं, "पेरो, एस्ता कोर्रेखीदो?" पण आत्ता तो दुरुस्त झालेला आहे का? माझं वाक्य खोटं नव्हतं, पण त्यांच्या कामाचंही नव्हतं.

स्पॅनिशमध्ये 'असणे'साठी दोन क्रियापदं: सेर आणि एस्तार. बऱ्याच ठिकाणी शिकवतात, कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. मग 'मासा मेलेला आहे' हे 'एल पेस एस्ता मुएर्तो' कसं? मरणाहून कायमचं काय असतं? तो नियम इथेच फाटतो.

त्यापेक्षा समोर बघा, काका जाळं शिवतायत. 'जाळं काकांकडून दुरुस्त केलं गेलं': ला रेद फुए रेपारादा पोर मी तीओ. काम घडलं, कोणी केलं तेही कळलं. हे सेर. 'जाळं दुरुस्त केलेलं आहे': ला रेद एस्ता रेपारादा. आता फक्त अवस्था. हे एस्तार. गंमत म्हणजे 'फुए' हे सेरचं भूतकाळी रूप, आणि 'ईर' म्हणजे 'जाणे', त्याचंही तेच! अर्थ वेगळे, पण 'केलं गेलं' आठवलं की 'फुए' आपोआप आठवतं. मात्र रोजच्या बोलण्यात ते लोक फुएपेक्षा 'से रेपारो ला रेद' असं जास्त म्हणतात.

दोन्हीकडे लिंग-वचन सांभाळायचं. रेद स्त्रीलिंगी, म्हणून फाटलेली ती 'रोता', अनेक असतील तर 'रोतास'. आपल्या फाटलेला-फाटलेलीसारखंच. पण 'आबेर'सोबत रूप बदलत नाही: आपण 'चिठ्ठी लिहिली', 'निबंध लिहिला' म्हणतो, ते दोन्हीला 'ए एस्क्रीतो'.

आणि एक उत्तनकरांसाठी खास. पाण्यात पोहतो तो 'पेस'. टोपलीत आला की 'पेस्कादो', शब्दशः 'पकडलेला'!

बाकी, त्या दिवशी मी पुन्हा दुरुस्ती केली, सगळ्या टेस्ट चालवल्या, मगच लिहिलं: "आओरा सी, एस्ता कोर्रेखीदो." आता हो, दुरुस्त झालेला आहे.

तुमचं एखादं 'केलं गेलं' आणि 'केलेलं आहे' मला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!