थांबण्याचा अधिकार



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी बोलतो आहे. समोर आगार व्यवस्थापक आहेत, वाहतूक नियंत्रक आहेत, कार्यशाळांतले यांत्रिक आहेत. पुढच्या रांगांत चालक आणि वाहक बसले आहेत, याचा मला विशेष आनंद आहे, कारण मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः त्यांच्या वतीने सांगायचे आहे. प्रवासी बसच्या सुरक्षिततेवर आपण कॅमेरे, बटणे, यंत्रे आणि परिपत्रके यांच्या भाषेत पुष्कळ बोलतो. हे सगळे हवेच. पण गाडी कधी थांबवायची आणि कधी बाहेरच काढायची नाही, हे ठरवण्याचा अधिकार गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला आपण दिलेला नाही. तो दिला पाहिजे, त्या अधिकाराला लेखी संरक्षण दिले पाहिजे आणि तो वापरायचा सराव करून घेतला पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात कोसळला आणि जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्या पावसात, त्या अंधारात पुढे रस्ताच नाही हे चालकाला दिसणे शक्य नव्हते. दोन्ही गाड्या मुंबईच्या दिशेने चालल्या होत्या, म्हणजे त्या पोलादपूरवरून पुढे आल्या. मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारतो, नदी इतकी फुगलेली असताना पोलादपूरच्या स्थानकात गाड्या तास-दोन तास रोखून धरण्याचा अधिकार त्या रात्री कोणाकडे होता? नियंत्रकाने स्वतःच्या जबाबदारीवर रोखल्या असत्या आणि पूल टिकला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याची पाठ थोपटली गेली असती की त्याच्याकडे खुलासा मागितला गेला असता? उत्तर या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्या जागी नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. ते काम करणाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे. पण पूल बांधण्याची जी तडफ आपण दाखवली, ती निर्णयाची साखळी बांधताना दाखवली का? तहसीलच्या नियंत्रण कक्षातून पाण्याच्या पातळीची खबर थेट स्थानकातल्या नियंत्रकाच्या टेबलावर यावी, नदीने ठरलेली खूण ओलांडली की वरिष्ठांच्या फोनची वाट न पाहता त्याने गाड्या रोखाव्यात, आणि रोखल्या म्हणून त्याला कोणी जाब विचारू नये. याला फार पैसा लागत नाही.

आगाराचा हिशेब आपण कशावर मांडतो? भारमान, उत्पन्न, डिझेलची सरासरी आणि रद्द किलोमीटर. यातला शेवटचा आकडा मला सर्वांत धोक्याचा वाटतो. रद्द किलोमीटर वाढले की आगार व्यवस्थापकाला बैठकीत उभे केले जाते. मग ब्रेक नीट लागत नसल्याची नोंद चालकाने आदल्या संध्याकाळी केलेली असली, तरी सकाळी तीच गाडी ‘जमतंय तेवढं बघा’ म्हणून बाहेर पडते. डबल ड्युटी करून आलेल्या माणसाला ‘एवढी एक फेरी मारून या’ म्हटले जाते. फेरी सोडणारा माणूस वाईट नसतो. स्थानकावर शाळेची मुले, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे खोळंबलेली त्याला दिसत असतात. म्हणूनच सुरक्षिततेसाठी रद्द केलेली फेरी रद्द किलोमीटरमध्ये धरायची नाही, तिचा रकाना वेगळा ठेवायचा, ही माझी पहिली मागणी आहे. आकडा मोजण्याची रीत बदलली की माणसाचे वागणेही बदलते.

गाडी नादुरुस्त नसली तरी थांबण्याचा अधिकार लागतो, तो अपुऱ्या सरावासाठीही. घाटाचेच पाहा. चढताना ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे जुने चालक नव्याला पहिल्याच दिवशी सांगतात. सतत ब्रेक दाबत उतरले की लायनर तापतात, पकड जाते आणि नेमक्या शेवटच्या वळणावर ब्रेक लागत नाही. हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. पण ते ज्या गाडीवर घडले ती गाडी आता बदलते आहे. विजेच्या बसला क्लच नाही, गिअर नाही, इंजिनाचा आवाज नाही. डिझेलच्या गाडीत वेग कानाला कळतो. इथे तो कळतच नाही, आणि पेडलवर पाय पडताच मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. वर्षानुवर्षे डावा पाय क्लचवर ठेवलेल्या माणसाच्या शरीराला लागलेली सवय दोन-चार दिवसांत मोडत नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी कुर्ल्यात बेस्टची विजेवरची बस गर्दीच्या रस्त्यावर लोकांना आणि वाहनांना चिरडत गेली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण त्या प्रकारच्या बसचा चालकाला पुरेसा सराव दिला होता का, हा प्रश्न तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने विचारला, आणि तो भाडेतत्त्वावर बस पुरवणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला आपण आजही विचारला पाहिजे. ‘या गाडीवर माझा हात अजून बसलेला नाही’ असे चालकाने म्हटले, तर त्याची रोजी बुडता कामा नये. कंत्राटी चालकाला हे वाक्य आज उच्चारताच येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. खासगीकरणाच्या बाजूने किंवा विरोधात मी बोलत नाही. करारात हे एक कलम घाला, एवढेच माझे म्हणणे आहे.

एवढे करूनही अपघात झालाच, तर गाडीतून बाहेर पडण्याची सोय कशी आहे, ते आता अगदी जवळून पाहू. कोणत्याही आगारात गेलो की मी आधी उभ्या गाडीत चढतो आणि ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते तो दरवाजा उघडून बघतो. अनेकदा तो पहिल्या झटक्याला उघडत नाही. कधी गाडी रंगवताना हँडलवरही रंगाचा थर चढलेला असतो आणि खटका त्यातच चिकटून बसलेला असतो. कधी बिजागरी गंजलेली असते. कधी दरवाजाच्या कडेचे रबर उन्हाने वितळून पत्र्याला धरलेले असते. वाटेत खडखडतो म्हणून कोणीतरी तारेने बांधून टाकलेला दरवाजाही मी पाहिला आहे. आणि तो उघडला तरी खाली जमीन छातीइतकी खोल असते. उडी न मारता, काठावर बसून घसरत उतरायचे, हे प्रवाशाला कोणी सांगितलेले नसते. यांत्रिक मित्रांनो, डॉकिंगला, म्हणजे ठरावीक तपासणीला, आलेल्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग तुम्ही तपासता तसा हा दरवाजाही दर वेळी उघडून बघा, बिजागरीला तेल द्या. आणि तो साठीच्या बाईला एका हाताने उघडता आला तरच गाडी पास करा.

1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. 25 माणसे होरपळून गेली. बस डाव्या कुशीवर पडली होती, म्हणजे चढ-उताराचा दरवाजा गाडीखाली दबला. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. ही घटना आपल्याला फार नेमके काही शिकवते. गाडी आडवी झाली की एका बाजूचे दरवाजे जमिनीला टेकतात आणि दुसऱ्या बाजूचे डोक्यावर जातात. मग उरतात छतावरचे झरोके, मागची काच आणि खिडक्या. वातानुकूलित बसमधल्या बंद खिडकीची काच मधोमध कितीही ठोकली तरी लवकर फुटत नाही. टोकदार हातोडी कोपऱ्यात मारली की ती चुरा होऊन खाली येते. समोरची काच मात्र पापुद्र्याची असते, ती तशी फुटत नाही. हे ज्ञान त्या क्षणी उपयोगी पडायचे असेल तर ते आधीच डोक्यात असले पाहिजे. आणि हातोडी जागेवर असली पाहिजे. ती चोरीला जाते म्हणून केबिनमध्ये कुलपात ठेवली जाते, तेव्हा ती नसल्यातच जमा असते.

बसच्या बांधणीची संहिता आहे, शयनयान बससाठी वेगळे मानक आहे, इंजिनाच्या कप्प्यातली आग ओळखून विझवणाऱ्या यंत्रणेचेही मानक आहे. नियम कमी नाहीत. कमी आहे तो सराव. रात्रीच्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीत निघण्यापूर्वी अर्ध्या मिनिटाची सूचना व्हावी: दरवाजा हा, हातोडी इथे, अग्निशामक तिथे, सामान सोडून उतरायचे. विनावाहक गाड्यांत तर ती सक्तीची करा. तिथे सगळा भार एका चालकावर असतो, आणि तोच जखमी झाला तर प्रवाशांना मार्ग दाखवणारा कोणीच उरत नाही. वर्षातून दोनदा आगारात एखादी मोडीत काढलेली गाडी उभी करून चालक, वाहक आणि स्थानकावरचे हमाल यांनी काच फोडून, दरवाजा उघडून, अग्निशामकाची पिन काढून पाहावी. दरवर्षी जानेवारीत सुरक्षितता मोहिमेची भाषणे होतात. त्यातला एक दिवस या सरावाला द्या.

सुरक्षितता म्हणजे केवळ अपघात टाळणे नव्हे. पुण्याच्या स्वारगेट स्थानकाने आपल्याला दोनदा हादरवले. 25 जानेवारी 2012 रोजी तिथून एक बस बाहेर काढून शहराच्या रस्त्यांवर बेफाम चालवली गेली आणि निरपराध माणसे मारली गेली. 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे त्याच स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. दोन घटनांमध्ये तेरा वर्षे गेली आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: उभी गाडी कोणाच्या ताब्यात असते? धावत्या गाडीला चालक असतो, वाहक असतो. उभ्या गाडीला मालकच नसतो. पोलीस ठाणे जवळ असूनही ती पहाट टळली नाही, याचा अर्थ पहारा आवाराला नव्हे, प्रत्येक गाडीला हवा. गाडी लावली की दरवाजा कुलूपबंद, किल्ली नियंत्रकाकडे, वेळेसह नोंद, आणि पहाटे ती गाडी फलाटावर लागेपर्यंत आत कोणालाही प्रवेश नाही. एकट्या बाईला ‘तुमची गाडी तिकडे उभी आहे’ असे अंधाराकडे बोट दाखवून कोणी सांगितले, तर तिला विचारायला उजेडातली एक खिडकी आणि त्या खिडकीत जागा असलेला माणूस हवा. एवढीही सोय नसलेले स्थानक रात्री उघडे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

1 जानेवारी 2019 पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक वाहनांत ठिकाण सांगणारे यंत्र आणि संकटाचे बटण सक्तीचे झाले. बटण दाबल्यावर पलीकडे कोण उठते, याची चाचणी मात्र नियमित होत नाही. प्रत्येक आगाराने महिन्यातून एक बटण अचानक दाबून पाहावे आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते फलकावर लिहावे.

दरीत बस कोसळते तेव्हा पहिल्यांदा कोण पोहोचते, हे आंबेनळी घाटाने 2018 मध्ये दाखवले. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस कोसळली, तेव्हा दोर घेऊन खोल दरीत उतरली ती गिर्यारोहकांची स्थानिक मंडळी. घाटाच्या पायथ्याच्या प्रत्येक आगारात अशा मंडळींचे फोन भिंतीवर लिहिलेले असावेत, त्यांच्या दोरखंडांचा आणि स्ट्रेचरचा खर्च आपण उचलावा. जखमींना उचलणाऱ्या माणसाला कायद्याने 2019 पासून संरक्षण दिले आहे, हे वाहकाला माहीत असावे, म्हणजे तो गावकऱ्यांना बिनधास्त हाक मारील. आणि नातेवाइकांचाही विचार करा. साध्या गाडीत आरक्षण केलेल्यांचीच नावे कळतात. आपला माणूस त्या गाडीत होता की नाही, हे विचारत लोक स्थानकात रात्र काढतात. अपघातानंतर तासाभरात एक फोन, एक टेबल आणि धीराने बोलणारा एक कर्मचारी एवढे नेमून ठेवणे प्रत्येक विभागाला शक्य आहे.

वाहकाने घंटेचा एक टोला दिला की चालक गाडी थांबवतो, का थांबवली हे नंतर विचारतो. 1 जून 1948 ला पुणे–नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून चालक आणि वाहक एकमेकांवर असा विश्वास टाकत आले आहेत. प्रशासनाने तोच विश्वास या दोघांवर टाकावा. म्हणून आजच्या परिषदेपुढे मी एक ठराव ठेवतो: ब्रेक, टायर, पूर, दरड, धुके, थकवा किंवा अपुरा सराव यांपैकी कोणत्याही कारणाने चालक, वाहक अथवा नियंत्रकाने गाडी थांबवली, तर त्या दिवशी त्याच्याकडे खुलासा मागायचा नाही, त्याचा पगार कापायचा नाही. कारणाची तपासणी सात दिवसांत करायची आणि तिच्यात चालकांचा एक प्रतिनिधी बसवायचा. लॉगशीटवर त्यासाठी छापील जागा ठेवायची: ‘गाडी थांबवली, कारण, वेळ, सही.’ दुपारच्या सत्रात या मसुद्यावर शब्दशः चर्चा व्हावी, आणि पहिले बोलणे पुढच्या रांगेतल्या चालकांचे असावे, अशी माझी विनंती आहे.